करीच्या दिवसाची साखळी

बाबांची मोटरसायकल गल्लीच्या वळणावर दिसेनाशी झाली, तरी दिपाली फाटकाचे गज धरून उभीच होती. सकाळचे साडेसात वाजले होते. पोळा काल झाला. आज पोळ्याची कर. सौंसरच्या त्या गल्लीत पोरं आपापले लाकडी बैल पुसून ओट्यावर मांडत होती, कारण संध्याकाळी तान्हा पोळा भरणार होता. कुणी शिंगांना बेगड चिकटवत होतं, कुणी चाकांना तेल देत होतं. दिपालीचं त्यातल्या कशाकडेच लक्ष नव्हतं.

तिच्या गावी, पांढुर्ण्याला, करीच्या दिवशी वेगळंच असतं. जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात आणि त्यावर झेंडा बांधतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. दोन्हीकडची माणसं दिवसभर एकमेकांवर गोटे फेकतात, आणि त्या गोट्यांच्या माऱ्यातून जाऊन कुणीतरी तो झेंडा काढून आणतो तेव्हाच सगळं थांबतं. तोवर कुणाचं डोकं फुटतं, कुणाचा हात मोडतो. याला गोटमार म्हणतात. दिपालीचं घर नदीपासून हाकेच्या अंतरावर होतं, म्हणून दरवर्षी या दिवशी बाबा तिला सौंसरला उर्मिलाआत्याकडे आणून सोडत. आई धाकट्या बाळाला घेऊन पोळ्यासाठी रामाकोन्याला माहेरी गेली होती.

यंदाही बाबांनी तिला आणून सोडलं होतं. पण यंदा ते स्वतः नदीत उतरणार होते, आणि ही गोष्ट घरात दिपालीशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती.

काल संध्याकाळी, बैल घरी आल्यावर, ते तिला चंडीमातेच्या देवळात घेऊन गेले होते. तिच्या डोक्यावर हात ठेवून, डोळे मिटून, ते पुटपुटले होते, "माय, पोरगी वाचली. उद्या पाच गोटे मारतो. फिटलं मंग."

मागच्या दिवाळीत दिपालीला डेंग्यू झाला होता. नागपूरच्या दवाखान्यात ती अकरा दिवस होती. तेव्हा बाबांनी हा नवस केला असेल हे तिला त्या क्षणी कळलं. परतताना बाबा वाकून म्हणाले होते, "कोणाले सांगू नको हं, दिपू. आत्याले तं बिलकुलच नाही."

"नाही सांगणार," ती म्हणाली होती.

आत्याला का सांगायचं नाही, तेही तिला माहीत होतं. तीन वर्षांपूर्वी असाच एक गोटा बाबांच्या डाव्या कानावर बसला होता. तेव्हापासून त्या कानानं त्यांना ऐकू येत नाही. कुणी बोलायला लागलं की ते मान वळवून उजवी बाजू पुढे करतात. त्या वेळी आत्यानं त्यांच्याकडून शपथ घेतली होती. आत्या बाबांची मोठी बहीण. बाबा चार वर्षांचे असताना त्यांची आई गेली, आणि आत्यानंच त्यांना लहानाचं मोठं केलं. तिच्या डोक्यावर हात ठेवून बाबांनी म्हटलं होतं, "पुन्हा नदीत पाय नाही टाकणार, ताई."

आणि आज सकाळी याच फाटकात उभं राहून, आत्याच्या नजरेला नजर न देता, ते म्हणाले होते, "चहा नको, ताई. बागेत फवारणी आहे. मजूर येऊन बसले असतील."

आत्या क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली होती. मग म्हणाली होती, "बरं. सांभाळून जा, गुणवंता."

एवढंच.

"किती वेळ गज धरून उभी राहशील?" आत्यानं आतून हाक मारली. "ते फाटक काही पळून नाही जाऊन राहिलं."

दिपाली आत आली. आत्या खिडकीजवळ चटईवर बसली होती. तिनं बत्तीस वर्षं शाळेत मुलामुलींना हस्तकला शिकवली होती. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी तिचे हात रिकामे राहत नसत. समोर एक पत्र्याचा डबा होता आणि डब्यात रंगीत लोकरीच्या गुंड्या. तिनं लाल गुंडी काढली आणि एक सुई दिपालीच्या हातात दिली. शिवणाच्या सुईसारखी टोकदार नव्हती ती; पेन्सिलीएवढी लांब, आणि टोकाशी खाच असलेली, जणू छोटासा आकडाच.

"ही क्रोशाची सुई. आज तुले साखळी शिकवते. बैलाच्या गळ्यात बांधायला होईल."

"मले नाही जमणार, आत्या."

"न जमायला केलं कधी तू? बस."

दिपाली बसली. नाही म्हणायला तिच्या अंगात बळच नव्हतं.

आत्या शिकवायला लागली की घाई तिच्या गावीच नसे. तिनं आधी लोकर बोटाभोवती गुंडाळून एक फास केला आणि ओढून दाखवला. "ही सरकगाठ. ओढली की लहान होते, सैल सोडली की मोठी. हा फास सुईत घालायचा. उजव्या हातात सुई, डाव्या हातात लोकर. लोकर या पहिल्या बोटावरून जाऊ दे. आता पाहा. सुईवर लोकर घे. सुईचं तोंड खाली वळव. आणि त्या फाशातून लोकर बाहेर ओढ. बस्स. जुना फास खाली गेला, नवा सुईवर आला. एक साखळी झाली."

"एवढंच?"

"एवढंच. मोठमोठे रुमाल, तोरणं, सगळं एवढ्यातूनच निघते."

दिपालीनं करून पाहिलं. पहिल्यांदा खाचेतून लोकर निसटली. दुसऱ्यांदा फासच सुईवरून उतरला. तिसऱ्यांदा लोकर बाहेर आली, आणि तिनं ती लगेच घट्ट ओढून घेतली. चौथा फास ओढून घेतला तेव्हा तो इतका आवळला गेला की त्यात सुई परत शिरेचना. ती टोचत राहिली. हाताला घाम सुटला होता, लोकर बोटाला चिकटत होती.

"सैल धर," आत्या म्हणाली. "इतका आवळला तर पुढचा फास बाहेर येईल कुठून? जागा पाहिजे ना त्याले."

"सैल सोडलं तर सुटून जाईल."

"नाही सुटत. घाबरून धरलं की असंच होते. पहिल्या दिवशी साऱ्याच पोरी घट्ट करतात. उकल. पुन्हा कर."

आत्यानं ती गाठ स्वतःच्या नखानं हळूच सैल केली. साखळीचं सुरुवातीचं टोक तिनं उशीला सेफ्टीपिननं टोचून ठेवलं, म्हणजे साखळी पिळणार नाही. मग ती आपलं अर्धवट विणलेलं तोरण घेऊन बसली.

नऊच्या सुमारास दिपालीचे हात जरा चालू लागले. लोकर घे, तोंड वळव, ओढ. लोकर घे, तोंड वळव, ओढ. आणि तेव्हाच, कुणी न सांगता, तिच्या मनात एक गोष्ट ठरून गेली. न चुकता शंभर साखळ्या झाल्या, तर बाबांना काही होणार नाही.

एकदा ठरल्यावर ते बदलता येईना. ती मनात मोजू लागली. सतरावर फास निसटला. तिनं सगळं उकलून पुन्हा एकपासून धरलं. बेचाळीसवर लोकरीचे अर्धेच पदर खाचेत आले, पुन्हा एकपासून. आत्यानं दोनदा म्हटलं, "अवं, एक चुकली तं तेवढीच उकलायची, सारी काहून उकलून राहिली?" पण ती ओठ मिटून पुन्हा सुरुवात करायची.

"मोजते काय तू?" आत्यानं विचारलं.

दिपालीनं मान हलवली.

"मग एक ध्यानात ठेव. सुईवरचा फास मोजायचा नाही. तो अजून व्हायचा आहे. त्याच्यातून दुसरा निघेल तेव्हा तो झाला. नव्या पोरी इथंच चुकतात, सुईवरचाही मोजून टाकतात."

दिपालीनं खाली पाहिलं. ती मोजत होती तोही. म्हणजे तिची संख्या एकानं खोटी होती. तिनं पुन्हा सगळं उकललं.

अकराच्या सुमारास समोरची शीतल आपला बैल ओढत दारात आली. बैलाच्या पाठीवर नवी झूल होती. "दिपाली, येतेस का? बैल सजवून राहिलो आम्ही."

"नाही."

"रुसली का?"

"ती कामात आहे, बाई," आत्या म्हणाली. "तुझा बैल भारी देखणा झाला. संध्याकाळी तुझाच नंबर लागते पाहा."

शीतल खुशीत गेली. बैलाच्या चाकांचा खडखडाट गल्लीभर ऐकू येत राहिला. दगडावरून दगड घरंगळावा तसा तो आवाज दिपालीला वाटला. आत्तापर्यंत झाड रोवून झालं असेल. दोन्ही काठ भरले असतील. गोटे तर कालपासूनच ट्रॉलीनं येऊन पडले होते. तिनं देवळातून येताना ढीग पाहिले होते.

जेवताना तिनं अर्धी पुरणपोळी तशीच ठेवली. आत्यानंही अर्धीच खाल्ली. दिपालीला ते दिसलं नाही. तिचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे होतं.

जेवण झाल्यावर ती पुन्हा बसली. आता बोटं आपोआप वळत होती, पण प्रत्येक फास ती तसाच आवळत होती. साखळी दोरखंडासारखी ताठ झाली होती. पन्नास. साठ. बाहेर ऊन पडलं होतं, मधूनच ढग येई. सत्तर. दोन वाजून गेले. ऐंशी. तिच्या डाव्या हाताच्या बोटावर लोकरीचा लाल वळ उमटला होता. लोकर निसटू नये म्हणून तिनं ती बोटाला चार वेढे देऊन गुंडाळली. नव्वद. एक्क्याण्णव.

आणि आत्याचा फोन वाजला.

फोन टीव्हीजवळ होता. दिपाली ताडकन उठली आणि धावली. बाबा असतील, एवढंच तिच्या डोक्यात होतं. सुई हातातून कधी सुटली ते तिला कळलं नाही. लोकर मात्र बोटाला गुंडाळलेलीच होती, आणि साखळीचं दुसरं टोक उशीला टोचलेलं. तिच्या प्रत्येक पावलासरशी एकेक फास सुटत गेला. टीव्हीपाशी पोचून तिनं मागे वळून पाहिलं, तर उशीपासून तिच्या बोटापर्यंत नुसती वेडीवाकडी लाल लोकर होती. साखळीचा एकही फास उरला नव्हता.

फोन आईचा होता. आत्यानं तो घेतला.

"हो, जेवली... नाही गं, इथं नाही. बागेत आहे म्हणाला... लागून नाही राहिला? आज तिकडं गर्दी असते, म्हणून नसेल लागत. तू बाळाला सांभाळ. ठेवते."

आत्यानं फोन ठेवला, तेव्हा दिपाली खाली बसली होती. दोन्ही हातांत ती सुटलेली लोकर गोळा करून धरली होती. ती रडत नव्हती.

"अवं, एवढं काय झालं? साखळीच उकलली. पुन्हा—"

"शंभर व्हायला पाहिजे होत्या."

"होतील की."

"नाही, आत्या. आता नाही होणार. मीच ओढलं. माझ्याच हातानं सगळं सुटलं. बाबांना—"

आत्या तिच्यासमोर बसली. तिनं दिपालीच्या बोटावरचे वेढे एकेक करून सोडवले. बोट पांढरं पडलं होतं. ते चोळत चोळत तिनं अगदी शांतपणे विचारलं, "गुणवंता नदीवर गेला ना?"

दिपालीनं मान वर केली.

"मी नाही सांगितलं. मी बाबांना शब्द दिला होता."

"तू नाहीच सांगितलं. मी विचारलं." आत्याचा आवाज सरळ होता, पण बोट चोळणारा हात थांबला होता. "पोळ्याच्या करीला कोणता मजूर फवारणीले येते? दिवसभर पडून राहतात सारे. या भागातलं लहान पोरगंही सांगेल. सकाळी तो फाटकात बोलला, तेव्हाच मले समजलं."

"मग तू विचारलं काहून नाही?"

"विचारलं असतं तर तो हो म्हणाला असता," ती म्हणाली. "ते ऐकायचं बळ नव्हतं मले. म्हणून तुझ्या हाती सुई दिली, आणि मीही घेतली. बत्तीस वर्षं पोरींना सैल धरा म्हणून शिकवलं, आणि स्वतः तुझ्यासारखीच आवळून बसले."

मग दिपालीनं सगळं सांगितलं. डेंग्यू, देऊळ, पाच गोटे. "माझ्यामुळे गेले ते," ती म्हणाली. आता तिला रडू आलं.

आत्यानं तिला रडू दिलं. मग पदरानं तिचं तोंड पुसलं आणि फोन उचलला.

पहिल्यांदा लागला नाही. दुसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदा घंटी वाजत वाजत बंद पडली. घड्याळात तीनला दहा कमी होते. चौथ्यांदा कुणीतरी उचलला, आणि फोनमधून इतका गलका बाहेर आला की आत्यानं तो कानापासून दूर धरला. शिट्ट्या, ढोल, हजारो माणसांची आरोळी, आणि त्यात मधूनच कोरडा टकटक आवाज. तो गोट्यांचा आहे हे दिपालीला न सांगता कळलं.

"हॅलो, ताई? मी प्रफुल्ल." हा बाबांचा मित्र, नदीकडच्या रस्त्यावर त्याचं औषधाचं दुकान होतं. "गुण्याचा फोन माझ्यापाशी आहे. चारपाच जणांचे फोन मीच धरून बसलो."

"तो कुठं आहे?"

"इथंच आहे, ताई... जवळच."

"प्रफुल्ल, तुले मी सातवीत शिवण शिकवलं आहे. खोटं बोलू नको."

"खाली उतरला, ताई. आत्ताच. काठाच्या खाली, पाण्यात. दिसून राहिला मले."

दिपालीनं आत्याच्या साडीचा काठ मुठीत धरला.

"त्याले बोलव."

"आवाज नाही जात, ताई. दोनदा ओरडलो."

"डाव्या बाजूनं ओरडला असशील. उजव्या बाजूनं जा. फोन घेऊन जा. त्याच्या उजव्या कानाले लाव आणि सांग, पोरगी बोलते."

"खाली जाऊ? गोटे येऊन राहिले, ताई."

आत्यानं डोळे मिटले. एकाला वाचवायला दुसऱ्याला गोट्यात पाठवायचं. दिपालीलाही ते कळलं.

"तुले वाटलं तर जा," आत्या हळू म्हणाली. "नाही गेला तरी मी काही म्हणणार नाही."

मग प्रफुल्लकाका धापा टाकत म्हणाला, "काठावरच्या शेडच्या आडून जातो. फोन धरून ठेवा."

आत्यानं फोन दिपालीच्या हातात दिला. "ऐक. नवस तुझ्या जिवासाठी केला ना त्यानं? मग जो वाचला, त्यालाही तो फेडायचा हक्क आहे. आपल्याकडं बाप विसरला तर पोरं फेडतात, मी पाहिलेलं आहे. त्याले परत या म्हणू नको. रडूही नको. काय राहिलं ते विचार, आणि राहिलेलं तू माग."

फोनमध्ये पाण्याचा छपछप आवाज आला. कुणीतरी शिवी दिली. प्रफुल्लकाका ओरडला, "अबे गुण्या, उजवा कान दे. पोरगी आहे तुझी."

मग श्वास. बाबांचा. तो तिनं कुठेही ओळखला असता.

"बाबा," ती म्हणाली. "किती झाले?"

"दिपू?" बाबांचा आवाज भलताच परका वाटला. "कोणं सांगितलं—"

"किती झाले?"

"दोन. तिसरा हातात आहे."

"हातातला मोजायचा नाही, बाबा," दिपाली म्हणाली. तिचं तिलाच नवल वाटलं. आवाज कापत नव्हता. "तो अजून झाला नाही. तो खाली ठेवा. राहिलेले तीन मी फेडते. चंडीमायला मी माझ्या हातानं तोरण करते. नवस माझा आहे."

तिकडून मोठी आरोळी उठली. काहीतरी पाण्यात धप्पकन पडलं. गोटा खाली टाकल्याचा आवाज होता, की गोटा येऊन पडल्याचा, की माणूस पडल्याचा, काहीच कळलं नाही. आणि फोन बंद झाला.

आत्यानं परत लावला. लागला नाही. पुन्हा लावला. पुन्हा नाही. बाबांचा नाही आणि प्रफुल्लकाकाचाही नाही.

"आता?" दिपालीनं विचारलं.

"आता काही नाही. आता थांबायचं." आत्यानं जमिनीवरची लोकर गोळा केली, गुंता काढला, गुंडी नीट केली. "तोरण म्हणालीस ना? मग ये."

"मी मोजू का?"

"नको मोजू. मोजल्यानं कोणी वाचत नाही आणि उकलल्यानं कोणी मरत नाही, दिपू. मी आजवर या दिवशी किती मोजलं असेल, तरी त्याचा कान गेलाच. नुसतं कर."

दिपालीनं सरकगाठ घातली. लोकर घे, तोंड वळव, ओढ. मोजायचं नाही म्हटल्यावर हातात धरायला काहीच उरलं नव्हतं. मोजत होती तोवर भीतीला काहीतरी काम होतं. आता भीती नुसतीच बसून राहिली. प्रत्येक मोटरसायकलच्या आवाजाला दिपालीचा हात थांबायचा. आत्याचाही हात थांबलेला असायचा. मोटरसायकल पुढे निघून जायची आणि दोघी पुन्हा सुरू करायच्या.

चार वाजले. साडेचार. गल्लीत डफ वाजू लागला, पोरं बैल घेऊन निघाली. शीतलचा आवाज सगळ्यांत वर होता. पाच वाजता आत्यानं टीव्ही लावायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

"साखळी पाहा तुझी," ती म्हणाली.

दिपालीनं पाहिलं. साखळी मांडीवरून घरंगळून चटईवर गोळा झाली होती. मऊ, सैल, एकसारखी. सुई प्रत्येक फाशातून पाण्यातून जावी तशी जात होती. हे कधी झालं ते तिला कळलंच नव्हतं. तिनं एकही फास आवळला नव्हता, कारण आवळायला तिच्यात ताकदच उरली नव्हती.

पावणेसहाला फाटक वाजलं.

मोटरसायकलचा आवाज डफामुळे ऐकू आला नव्हता. दिपाली उठली नाही. तिला उठवेना. दारात पावलं आली, थांबली. तिनं आधी पायांकडे पाहिलं. पँट गुडघ्यापर्यंत ओली, चिखलानं माखलेली. मग हात. उजव्या हाताची दोन बोटं सोललेली. मग चेहरा. चेहरा होता. कपाळ होतं. दोन्ही डोळे होते.

"प्रफुल्ल?" आत्यानं विचारलं.

"ठीक आहे," बाबा म्हणाले. "फोन पाण्यात पडला. दोघं संगंच वर आलो. गावातून निघायलाच दोन तास लागले, सारे रस्ते बंद होते." ते उंबऱ्यातच उभे राहिले, आत यावं की नाही ते न कळल्यासारखे. "खाली ठेवला, दिपू. तिसरा. ज्या जागी उचलला होता त्याच जागी ठेवला."

दिपालीनं मान हलवली. तिला जाऊन बिलगायचं होतं, पण सुई फाशात होती, आणि हा फास सोडायची तिची हिंमत नव्हती.

"आत्या, हे बंद कसं करायचं? सुटू नये म्हणून?"

"लोकर काप. टोक शेवटच्या फाशातून पूर्ण बाहेर काढ, आणि ओढ. आता ओढायचं घट्ट. इथं घट्टच पाहिजे."

दिपालीनं तसं केलं. मग साखळीचं टोक धरून ती बाबांपाशी गेली आणि ते त्यांच्या सोललेल्या हातात दिलं. "ओढून पाहा."

बाबांनी ओढलं. साखळी ताणली गेली. फास एकही सुटला नाही. ते खाली बसले, आणि त्यांनी तिला जवळ घेतलं. त्यांच्या अंगाला नदीचा वास येत होता. ते तिला सोडेनात, आणि आपल्या एवढ्या मोठ्या बापालाही भीती वाटली होती हे तिला कळलं.

"पुढच्या वर्षी?" तिनं विचारलं.

बाबांनी आत्याकडे पाहिलं.

"माझ्याकडं काय पाहून राहिला?" आत्या म्हणाली. "हातपाय धू, चहा ठेवते. पोरीचा नवस पोरगी फेडेल. पण माझ्या डोक्यावर हात ठेवून बोलला आणि मोडलं, ते कोण फेडेल?"

"सांग, ताई. काय करू?"

आत्या डब्याशी गेली. तिनं हिरवी गुंडी काढली, एक जाड सुई काढली, आणि दोन्ही त्यांच्यापुढे ठेवली. "तोरण चार हात लांब होणार आहे. अर्धं तू कर."

"मी? हे बायकांचं काम मले कुठून जमते?"

"न जमायला केलं कधी तू?"

हात धुऊन बाबा चटईवर मांडी घालून बसले. ओली पँट, हातावर हळद, आणि मुठीत सुई. ट्रॅक्टरचा पाना धरावा तशी. दिपालीनं त्यांना सरकगाठ करून दिली. लोकर घ्या, तोंड वळवा, ओढा. त्यांनी ओढलं आणि फास असा आवळला की लोकर करकरली.

बाहेर तान्ह्या पोळ्याचे बैल गल्लीतून खडखडत परतत होते. तिकडे नदीवर झेंडा निघाला की नाही, त्या घरात कुणी विचारलं नाही.

"बाबा," दिपाली उठून त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन बसली. "सैल धरा."